लहान मुलाच्या आईचा ताण मोजायचा तर आधी घड्याळ काढा

गेल्या काही वर्षांत लॅबच्या पॅकेजमध्ये एक नवी तपासणी घुसली आहे. पॅकेजचं नाव काहीतरी गोड, कागद गुलाबी, आणि हिमोग्लोबिन-थायरॉईडच्या खाली एक ओळ: सीरम कॉर्टिसॉल. कडेवर दीड वर्षाचं मूल घेऊन आलेली आई तो रिपोर्ट टेबलावर ठेवते आणि विचारते, "डॉक्टर, माझा स्ट्रेस तर नॉर्मल आलाय. मग अंगात त्राण का नाही?"

या लेखात मी जरा भांडणार आहे. लॅबवाल्यांशी, स्मार्टवॉचवाल्यांशी, माझ्याच व्यवसायातल्या मंडळींशी, आणि शेवटी तुमच्या घरातल्यांशीही. लहान मुलाच्या आईवर वेळेचा जो ताण असतो, तो आपण तिच्या रक्तात, नाडीत आणि स्वभावात शोधत बसतो. तो असतो तिच्या दिवसात. त्या दिवसाच्या चोवीस तासांत मुलाची जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या अंगावर किती वेळ होती, यावर तो ठरतो. ते मोजायला सुई लागत नाही, पण घरातल्या सगळ्यांना प्रश्न विचारावे लागतात. म्हणून कुणी मोजत नाही.

आधी कॉर्टिसॉलचा निकाल लावू. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींमधून येतं. सकाळी उठण्याच्या सुमारास त्याचं प्रमाण सर्वात जास्त असतं, मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी. सकाळी आठला घेतलेल्या रक्तात ते किती आहे यावरून अ‍ॅड्रीनल ग्रंथी काम करते आहे का, याचा अंदाज घेता येतो. अ‍ॅडिसन या आजाराची शंका असेल तर तो आकडा मोलाचा आहे. कॉर्टिसॉल फार जास्त तयार होण्याचा कुशिंग नावाचा आजार असतो, त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात. पण ‘तुम्हाला दिवसभर किती ओढाताण होते’ हे त्या एका आकड्यातून कळत नाही. सुई टोचण्याच्या भीतीने तो वाढतो, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढलेला दिसतो, आणि नॉर्मलची मर्यादा इतकी रुंद असते की रात्री चार वेळा उठलेली आई आणि आठ तास घोरलेले बाबा दोघंही तीत आरामात बसतात. त्या ओळीचे पैसे वाचवा.

स्मार्टवॉचचंही तेच. त्यातला ‘स्ट्रेस स्कोअर’ बहुतेक वेळा हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं यावरून काढतात. ताप आला, चहा जास्त झाला, झोप कमी झाली, जिना चढलात, सगळ्याने तो बदलतो. मग घड्याळ थरथरतं आणि सांगतं, एक मिनिट शांत बसून दीर्घ श्वास घ्या. जिच्याकडे नेमका तो एक मिनिट नाही, तिलाच हा सल्ला मिळतो.

आता प्रश्नावल्यांकडे येऊ. याबाबत माझी तक्रार थोडी निराळी आहे, कारण या प्रश्नावल्या खोट्या नाहीत. कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ताणाची मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिनाभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या, अशा स्वरूपाचे प्रश्न असतात आणि ० ते ४० मध्ये गुण मिळतात. माणसाला ताण किती जाणवतो हे ती मोजते, आणि त्या कामाला ती चांगली आहे. अडचण आपल्याकडच्या उत्तरांची आहे. आपल्या बायकांना ‘कसं चाललंय?’ विचारलं की उत्तर तयार असतं: "चाललंय, निभावतंय." जी बाई सगळं अंगावर घेऊन कुरकुरत नाही तिचे गुण कमी येतात, म्हणजे कागदावर तिला ताण कमी. आणि जिचे गुण जास्त आले तिला आपण काय सांगतो? दृष्टिकोन बदला, मन शांत ठेवा. दिवस तोच, कामं तीच, बदलायचं फक्त तिने.

कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने जवळचा प्रयत्न केला आहे. तिथल्या वेळ-वापराच्या पाहणीत १९९२ पासून वेळेच्या ओढाताणीबद्दल हो-नाही उत्तराचे दहा प्रश्न विचारले गेले. त्यातला एक मला फार आवडतो. वेळ कमी पडला की तुम्ही झोपेतून काढता का, असा तो प्रश्न आहे. ओपीडीत मी तो रोज विचारतो. पण त्याच दहांमध्ये, तुम्ही स्वतःला कामाचं वेड असलेली व्यक्ती समजता का, असाही एक प्रश्न आहे. चौदा महिन्यांच्या मुलाच्या आईला हा प्रश्न विचारून पाहा. कामाचं वेड असायला काम सोडण्याचा पर्याय तर हवा!

आपल्याकडे सरकारने वेळ मोजला का? मोजला, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली (त्यात महाराष्ट्र नव्हता). मग २०१९ मध्ये संपूर्ण देशाची वेळ-वापर पाहणी झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा एकदा. १५ ते ५९ वयाच्या ज्या स्त्रिया घरकाम करतात, त्यांचा त्यात जाणारा वेळ २०१९ मध्ये दिवसाला ३१५ मिनिटं होता, तो २०२४ मध्ये ३०५ झाला. पाच वर्षांत दहा मिनिटं. या वेगाने आपली नात आजी होईल तेव्हा काय असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात या वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष असतात. ते करणाऱ्यांचा त्यात जाणारा वेळ स्त्रियांचा १४० मिनिटं, पुरुषांचा ७४.

१४० मिनिटं म्हणजे दोन तास वीस मिनिटं. आता तुमच्या ओळखीतली, घरात दोन वर्षांचं मूल असलेली कुठलीही आई डोळ्यांसमोर आणा आणि तिला सांगा की मुलाला सांभाळायला तुला दिवसाला दोन तास वीस मिनिटं लागतात. ती काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

आकडा खोटा नाही. तो सरासरीचा आहे. त्यात दहावीच्या मुलाचा अभ्यास घेणारी आई आहे, सासऱ्यांचं पथ्यपाणी बघणारी सून आहे. पण दुसरंही एक कारण आहे आणि ते मोजण्याच्या पद्धतीत आहे. या पाहणीत पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरून त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडतात. २०१९ मध्ये एका तुकड्यात जास्तीत जास्त तीन कामं नोंदवली जात, तीही दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली. आता संध्याकाळी सात ते साडेसात बघा. कुकर लावला, कणीक मळली, मध्ये मोठ्याची शी धुतली, चार मिनिटं. धाकट्याच्या तोंडातून चपलेचा तुकडा काढला, एक मिनिट. दाराशी दूध घेतलं, शाळेच्या ग्रुपवर उद्या पांढरा टी-शर्ट पाठवा असा निरोप आला तो वाचला, टी-शर्ट मळलेला आहे हे आठवलं, तो भिजवला. धाकटा रडला, त्याला घेऊन एका हाताने फोडणी केली. पाहणीत या अर्ध्या तासाची नोंद काय होईल? स्वयंपाक.

मुलावर नुसतं लक्ष ठेवण्यासाठी त्या वर्गीकरणात जागा आहे. पण ‘तुम्ही काय करत होता?’ या प्रश्नाला कुठलीही आई ‘लक्ष ठेवत होते’ असं उत्तर देत नाही. तिला ते काम वाटतच नाही. श्वास घेत होते, असं कुणी सांगतं का?

इथे मला आमच्या रेसिडेन्सीची आठवण होते. एमडी करताना आम्ही ऑन-कॉल असायचो. एखाद्या रात्री एकही पेशंट आला नाही तरी ती ड्युटीच धरली जायची. सकाळी कुणी म्हणायचं नाही की काय मजा, रात्रभर झोपलास. कारण सगळ्यांना माहीत होतं की कॉल येऊ शकतो या जाणिवेत पडून राहणं म्हणजे झोप नव्हे. बूट पायाशीच असायचे. आणि मुख्य म्हणजे सकाळी हॅन्डओव्हर व्हायचा. दुसरा रेसिडेंट यायचा, चार नंबरच्या कॉटचा ताप, सात नंबरचं सलाईन, सगळं ऐकून घ्यायचा, आणि त्यानंतर वॉर्डात काही झालं तर फोन त्याला जायचा. आम्ही कॅन्टीनला जाऊन निवांत पोहे खायचो.

लहान मुलाची आई सतत ऑन-कॉल असते आणि तिचा हॅन्डओव्हर कधी होतच नाही. वेळेच्या ताणाचं मूळ मला इथे दिसतं. कामाचे तास आठ की बारा हा प्रश्न आहेच, पण त्याहून जास्त बोचतं ते हे, की यातला कुठलाही वेळ तिचा म्हणून राखीव नाही. तो कधीही तुटू शकतो. अर्थशास्त्रात याचा विचार पूर्वीच सुरू झाला होता. क्लेअर व्हिकरी या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७७ मध्ये वेळेचं दारिद्र्य अशी कल्पना मांडली: घराला जसा किमान पैसा लागतो तसा किमान वेळही लागतो, आणि तो नसेल तर पगार असूनही ते घर गरीबच. वैद्यकात मात्र आम्ही अजून कॉर्टिसॉल मागवतोय.

माझा दवाखाना नाशिकमध्ये आहे आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या बऱ्याच स्त्रिया माझ्याकडे येतात. त्यातल्या एकीला मी एका दिवसाचा कागद भरायला सांगितला होता. दोन मुलं, थोरली चार वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा. सासूबाई घरी, पण गुडघ्यांनी बेजार. तिच्या नवऱ्यालाही तोच कागद दिला. त्याच्या कागदावर ‘७ ते ९ मुलांना सांभाळलं’ असं स्वच्छ अक्षरात होतं. तिच्या कागदावर त्याच दोन तासांत मुलांशी संबंधित अकरा नोंदी होत्या, त्यातल्या दोन ‘यांनी हाक मारली, डायपर कुठे विचारलं’ अशा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तो मुलांजवळ बसला होता आणि ती ऑन-कॉल होती. जागेपणी कुणीही हाक मारणार नाही असा तिचा सगळ्यात मोठा सलग वेळ किती होता? पस्तीस मिनिटं, कंपनीच्या बसमध्ये. ‘घरीच तर असते’ असं जिच्याबद्दल म्हणतात, तिला ती बससुद्धा नसते.

हे सगळं घरगुती रडगाणं आहे, डॉक्टरचा काय संबंध, असं वाटत असेल तर आता आजाराकडे वळू. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांनी साखरेची तपासणी पुन्हा करायची असते. उपाशीपोटी रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, दोन तास तिथेच बसायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, आणि तो लवकर कळला तर बरंच काही करता येतं. आता सांगा, दोन महिन्यांचं, दर दोन-अडीच तासांनी अंगावर पिणारं बाळ असलेली कोणती बाई, कुणी सोबत आल्याशिवाय, उपाशीपोटी लॅबमध्ये अडीच तास बसेल? ती येत नाही. आम्ही केसपेपरवर लिहितो, ‘पेशंट फॉलोअपला आली नाही’. पाच-सहा वर्षांनी भलत्याच कारणाने साखर तपासली की ती २४० निघते. ही साखर वेळेच्या टंचाईची आहे, आणि कुठल्याही स्ट्रेस स्कोअरमध्ये ती दिसली नव्हती.

लघवीला जायचं टाळणं आणि त्यासाठी पाणी कमी पिणं, मग पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. जेवण टळणं आणि झोप तुटणं, मग अर्धशिशी. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेऊन चहासाठी अर्धा-एक तास थांबायचं असतं. सकाळी सहाच्या धांदलीत ती चहाबरोबरच पोटात जाते आणि टीएसएच खाली येत नाही म्हणून आम्ही डोस वाढवतो. लोहाची गोळीही त्याच चहाबरोबर. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याला आहार, पाळी, बाळंतपणं अशी अनेक कारणं आहेत. पण सगळ्यांचं आटोपल्यावर ओट्याशी उभं राहून उरलंसुरलं जेवणं हेही त्यातच धरायला हवं.

झोपेबद्दल जरा जास्त सांगतो. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं आणि गाढ झोप, स्वप्नांची झोप असे त्यात टप्पे असतात. रात्री अकरा ते सकाळी सहा म्हणजे सात तास झाले, असा हिशोब घरचे करतात. पण मध्ये चारदा उठलं तर प्रत्येक वेळी चक्र मोडतं, गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाला भानावर यायला वेळ लागतो, आणि पुन्हा डोळा लागेपर्यंत अर्धा तास जातो. शंभराच्या नोटेचे चार तुकडे करून वाण्याला दिले तर तो घेईल का? तुकडे जोडून बेरीज शंभरच होते.

यावर मला येणारी उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं सासूबाईंचं: "आम्ही नाही का चार-चार पोरं वाढवली? आमच्या वेळी नव्हता हा स्ट्रेस." आजी, तुमचे कष्ट जास्तच होते. पाणी भरणं होतं, चूल होती. पण वाड्यात मूल रांगत गेलं तर जाऊ, नणंद, शेजारची काकू कुणीतरी उचलायचं. आता दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, दार बंद आहे आणि उचलणारी एकटीच आहे. शिवाय तुम्हाला ताण नव्हता हे कशावरून? तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं का? तुमच्या पिढीतल्या किती बायका माझ्याकडे येऊन एकट्या असताना त्या दिवसांबद्दल बोलतात, ते मी ऐकतो.

दुसरं उत्तर नवऱ्याचं, हळू आवाजात: "पण डॉक्टर, मोबाईल बघायला वेळ मिळतो हिला." मिळतो. कारण मोबाईल कधीही खाली ठेवता येतो. पुस्तकात चार पानं वाचून रंगत येईस्तोवर हाक येते, मैत्रिणीकडे जायचं तर दोन तास लागतात, चालायला जायचं तर मुलाला कोण बघणार. केव्हाही तुटणाऱ्या वेळात तुटलं तरी चालेल असंच काहीतरी माणूस करणार. मोबाईल काढून घेतलात तरी त्या सात मिनिटांची काही मैफल होत नाही.

तिसरं उत्तर माझ्या व्यवसायबंधूंचं आहे आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं. ‘टेन्शन घेऊ नका, मेडिटेशन करा, टाईम मॅनेजमेंट शिका.’ मेडिटेशन चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं तर त्या वीस मिनिटांत मूल कुणाकडे, हे लिहिल्याशिवाय ते प्रिस्क्रिप्शन अपुरं आहे. अँटिबायोटिक लिहिताना आपण डोस लिहितो, किती वेळा ते लिहितो, किती दिवस ते लिहितो. हिला मात्र नुसतं ‘स्वतःसाठी वेळ काढा’. कुठून काढायचा? आणि टाईम मॅनेजमेंटचं म्हणाल तर सकाळी साडेआठच्या आत तीन डबे, दोन अंघोळी आणि एक रिक्षा साधणाऱ्या बाईला ते शिकवण्याचं धाडस मी तरी करणार नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. प्रत्येक थकव्याला वेळेची ओढाताण हेच कारण नसतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींना थायरॉईडची सूज येते, तेव्हा थकवा, धडधड, वजनातले बदल दिसतात. दम लागणं, छातीत दुखणं, वजन आपोआप उतरणं, बारीक ताप राहणं यांना ‘दगदग झाली असेल’ म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बीपी वाढलेलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मनाचा आजारही वेगळा ओळखावा लागतो. वेळेच्या ओढाताणीत दमलेल्या आईला दोन तास मोकळे दिले तर ती झोपते, नाहीतर आनंदाने बाहेर पडते. नैराश्य असेल तर मोकळा वेळही खायला उठतो, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, आपण वाईट आई आहोत हा विचार जात नाही. त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली आहे, गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न. पाच-सात मिनिटांत होते, डॉक्टरांकडे मागा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. लगेच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात या. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

मग मी काय मोजतो? चार गोष्टी. ही काही सिद्ध झालेली शास्त्रीय मोजपट्टी नव्हे, ओपीडीतली कामचलाऊ पद्धत आहे, पण कॉर्टिसॉलपेक्षा मला जास्त सांगते. काल जागेपणी कुणीही हाक मारणार नाही असा सलग वेळ जास्तीत जास्त किती मिनिटं मिळाला? काल रात्री सलग झोप जास्तीत जास्त किती तास? काल किती वेळा बसून जेवलात? आणि चौथा प्रश्न, ज्याला घरातले सगळे जरा गप्प होतात: तुम्हाला आत्ता या क्षणी दोन दिवस ॲडमिट केलं, तर मूल कुणाकडे राहील, आणि त्या माणसाला मुलाच्या तापाच्या औषधाचा डोस, त्याचं झोपायचं पांघरूण आणि शाळेच्या रिक्षावाल्याचा नंबर माहीत आहे का? या प्रश्नाला ‘कुणालाच नाही’ असं उत्तर आलं, तर ती बाई कितीही हसतमुख असो, माझ्या दृष्टीने ताण गंभीर आहे.

आणि औषध कागदावर लिहून देतो, आरएक्सच्या खाली. उदाहरणार्थ: ‘रोज संध्याकाळी ७.३० ते ८.३०, मूल पूर्णपणे वडिलांकडे. आई घराबाहेर किंवा दार लावून आत. फोन फक्त रक्त आलं किंवा आग लागली तरच. सहा आठवडे.’ ‘आठवड्यातून दोन रात्री वरचं खाणाऱ्या मुलाला वडील उठतील.’ अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं दुसऱ्याने. पाजणं आईचं, बाकी काहीच आईचं असायची गरज नाही. घरात ‘मदत’ हा शब्द वापरायला मी बंदी घालतो. मदत करणारा विचारतो, डायपर कुठे आहे. ड्युटीवर असलेल्याला ते माहीत असतं. पहिल्या आठवड्यात मूल रडतं, वडील घामाघूम होतात, आजी मध्ये पडतात. पडू दे. रेसिडेन्सीच्या पहिल्या आठवड्यात आमचंही तेच होत असे.

काही नवरे रागावतात. "औषध लिहा डॉक्टर, घरातलं काय सांगता?" मधुमेहाला मी तुमच्या ताटातली भाकरी मोजतो, बीपीला मिठाची बरणी विचारतो, ती घरातलीच असते.

घराबाहेरचाही प्रश्न आहे, तो सोडून फक्त नवऱ्यांना झोडपणं अन्यायाचं होईल. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते, म्हणजे सहा महिने. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर द्यावं लागतं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. शेतात, घरकामाला, छोट्या वर्कशॉपमध्ये जाणाऱ्या बाईच्या कामाच्या जागी ५० माणसंच नसतात. अंगणवाडीत पूर्वशिक्षणासाठी मूल घेतात ते तीन वर्षांनंतर. मग सहा महिने ते तीन वर्षं, जेव्हा मूल चालायला शिकतं, सगळं तोंडात घालतं आणि एक मिनिट नजरेआड करता येत नाही, तेव्हा त्याला कोण बघणार? सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरांची तरतूद आहे. तुमच्या वस्तीत ते आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारा. नसेल तर नगरसेवकाला विचारा, मतं मागायला आला की हमखास विचारा. आणि वडिलांच्या रजेचं म्हणाल तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खाजगी कंपनीत मालकाच्या मर्जीवर.

माझ्याकडे थकव्यासाठी येणाऱ्या, घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असलेल्या सगळ्यांना विनंती: येताना जुने रिपोर्ट आणाच, पण त्याबरोबर एका कामाच्या दिवसाचे दोन कागद आणा, एक आईचा, एक वडिलांचा. पहाटे चारपासून, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून, एका मिनिटाचं काम असलं तरी लिहून. रात्री उठलात ती वेळही लिहा. आजी घरात असतील तर त्यांचाही कागद हवा, त्यांच्या गुडघ्यांचं कारण कधीकधी त्यातच सापडतं. वडिलांनी आपला कागद स्वतः भरावा. "काल संध्याकाळी मी काय केलं गं?" असं आईला विचारून भरलेले कागद याआधी माझ्याकडे आले आहेत, आणि ते मी परत पाठवले आहेत.